चौकटीतला अपवाद

गेल्या अंकात आपण प्रकाशाविषयी बोललो होतो. त्यावर आलेल्या पत्रांतून तीन-चार वाचकांनी एकच शंका निरनिराळ्या शब्दांत विचारली आहे. छायाचित्र काढताना मुख्य विषय चौकटीच्या मध्यभागी ठेवू नये असे घरातील मुले सांगतात. मग आमच्या वडीलधाऱ्यांची सगळी छायाचित्रे चुकीची म्हणायची काय? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर एका शब्दात देता येण्यासारखे नाही.

मुले जे सांगतात त्याला तृतीयांशाचा नियम म्हणतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘ग्रिड’ चालू केली की पडद्यावर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा उमटतात. नऊ घरे पडतात आणि रेषा एकमेकींना छेदतात तेथे चार बिंदू मिळतात. विषय यांपैकी एखाद्या बिंदूपाशी ठेवावा, क्षितिज वरच्या किंवा खालच्या रेषेवर असावे, एवढाच हा नियम. गंमत अशी की तो मुळात छायाचित्रणासाठी सांगितलेलाच नव्हता. जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये ग्रामीण दृश्यांवरील आपल्या पुस्तकात त्याला हे नाव दिले, तेव्हा छायाचित्रणाचा शोध जगजाहीर व्हायला आणखी ४२ वर्षे होती. स्मिथचे म्हणणे प्रमाणापुरते होते. चित्राचे दोन सारखे भाग पाडले तर दोन्ही सारखाच हक्क सांगतात आणि नजर ठरत नाही; म्हणून एकास दोन अशी वाटणी करावी. छेदबिंदूंची भर पुढच्यांनी घातली.

म्हणजे नियम हे एका अडचणीवरचे उत्तर होते. इतर नियमांचेही तसेच आहे. माणूस ज्या दिशेला पाहतो किंवा चालतो त्या दिशेला मोकळी जागा सोडावी, कारण पाहणाऱ्याची नजर त्याच्या पुढे जाते. मनगटावर किंवा गुडघ्यावर चौकट तोडू नये, कारण अवयव तुटल्याचा भास होतो. क्षितिज कलते ठेवू नये, कारण समुद्र एका बाजूला सांडेल असे वाटते. ज्या दृश्यात ती अडचणच नाही, तेथे तिच्यावरचे उत्तर लावण्यात अर्थ नसतो. आणि अडचण जर मुद्दाम हवी असेल, तर उत्तर दूर ठेवावे लागते.

आपल्यापैकी पुष्कळांच्या दुकानांत हल्ली रोज छायाचित्रे काढली जातात. साडी, भांडे, दागिना, मसाल्याचे पुडे, जे काही असेल त्याचे चित्र व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकाला जाते. तेथे प्रयोगशीलतेला माझा स्पष्ट विरोध आहे. वस्तू मध्यभागी, सरळ, चारही बाजूंना सारखी मोकळी जागा, मागे साधा पडदा आणि शक्य तर खिडकीतून येणारा उजेड. तेथे तृतीयांशाचा नियमही नको, कारण गिऱ्हाइकाची नजर चित्रात फिरवायची नसून मालावर थांबवायची असते. साडीचा काठ आणि पदर दोन्ही दिसले पाहिजेत, नगाचा आकार कळला पाहिजे. कलती चौकट घेऊन बरणी पडते आहे असे दाखवणारा फोटो एखाद्या प्रदर्शनात शोभेल. दुकानाच्या यादीत तो केवळ शंका उत्पन्न करतो.

दुकानाबाहेर मात्र नियम मोडण्याचा प्रश्न खरोखर उभा राहतो. आता थोडे बँकेचे सांगतो, कारण मला हा प्रश्न तेथूनच नीट समजला. नियमात न बसणारे कर्ज द्यायचेच नाही, असे बँकेत कधी नसते. चालू मालमत्ता आणि चालू देणी यांचे गुणोत्तर १.३३ असावे, हा आमच्या काळातील सर्वांना पाठ असलेला दंडक. पण हळदीच्या व्यापाऱ्याकडे ऐन हंगामात उधारीवर घेतलेला माल गोदामात भरलेला असतो आणि त्या दोन-तीन महिन्यांत हे गुणोत्तर खाली येते. असा प्रस्ताव मंजूर होई. परंतु टिपणात नियमापासूनचे विचलन कोणते आणि ते का स्वीकारले, याचा स्वतंत्र परिच्छेद लिहावा लागे. कारण लिहिलेले असेल तर तपासणीस आलेला अधिकारी फार तर मतभेद नोंदवी. लिहिलेले नसेल तर तो त्याला निष्काळजीपणा म्हणे, मग कर्ज कितीही सुरळीत फिटलेले असो. छायाचित्रात टिपण जोडण्याची सोय नाही. विचलनाचे कारण चौकटीच्या आतच दिसावे लागते.

एका परिचितांच्या नातीने आपल्या आजोबांचे छायाचित्र काढले होते. दुकानातली गादी, पुढ्यात उतरते मेज, त्यावर उघडी रोकडवही, दोन्ही बाजूंना छतापर्यंत गेलेले फडताळ, आणि बरोबर मध्यभागी आजोबा. एका स्पर्धेत परीक्षकांनी शेरा दिला : विषय मध्यभागी, रचना स्थिर. मुलगी खट्टू झाली. तिने पुन्हा दुकानात जाऊन दुसरे चित्र काढले, आजोबा उजव्या छेदबिंदूवर, डावीकडे लांबवर गेलेले फडताळ. दोन्ही चित्रे माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवली गेली तेव्हा फरक लगेच कळला. दुसऱ्या चित्रात नजर फडताळावरून फिरत आजोबांपर्यंत पोचते. ते चित्र दुकानाचे आहे आणि आजोबा त्यात बसले आहेत. पहिल्यात दोन्ही फडताळे त्यांच्यापाशी येऊन थांबतात. दुकान त्यांच्यामुळे उभे आहे. ‘स्थिर’ हा परीक्षकांचा शब्द अचूक होता, फक्त त्यांनी तो दोष म्हणून वापरला. जो गृहस्थ पन्नास वर्षे एका जागी बसला, त्याच्या चित्रात स्थिरता नको तर काय हवे? मुलीला पहिले चित्र मोठे करून घ्यायला मी सांगितले.

मध्यभागाची ही परंपरा काही अडाणीपणातून आलेली नाही. आपल्याकडच्या छायाचित्रणातील पहिल्या थोर नावांपैकी एक, राजा दीनदयाळ, यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना येथे एका जैन जवाहिऱ्याच्या घरात झाला. शिक्षण रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, नोकरी इंदुरास बांधकाम खात्यात. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि मुंबईतही त्यांचा स्टुडिओ निघाला. त्यांच्या वास्तुचित्रांत इमारतीचा मध्यअक्ष कसा काटेकोर धरलेला असतो ते पाहावे. तेथे इमारती मोजणारा अभियंता दिसतो. त्या काळच्या भिंगांची धारही मध्यावर अधिक आणि कडांना कमी असे. मानाचा माणूस मध्ये बसवण्यात दरबारी रीत होती, तसा भिंगाचा हिशेबही होता.

आता नियम उघडपणे मोडलेल्या एका चित्राकडे वळू. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हे फ्रेंच छायाचित्रकार तरुणपणी चित्रकला शिकलेले. रचनेची शिस्त त्यांच्या हाडात मुरलेली होती. १९३२ मध्ये पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या एका माणसाचे चित्र त्यांनी काढले. टाच पाण्याला टेकण्याच्या आतला तो क्षण. माणूस उजवीकडे झेपावतो आहे आणि चौकटीच्या उजव्या कडेला तो जवळजवळ भिडलेला आहे. पुढे मोकळी जागा सोडण्याचा नियम येथे पार उधळला आहे. पण ती जागा सोडली असती तर तो कोठे पडणार ते आपल्याला दिसले असते. न सोडल्यामुळे उडी कायमची अधांतरी राहिली. मागच्या भिंतीवरील जाहिरातीत एक नर्तकी नेमकी उलट्या दिशेने झेप घेते आहे. डावीकडची रिकामी बाजू तिने आणि पाण्यातल्या प्रतिबिंबांनी तोलून धरली आहे. आणखी एक गोष्ट. काढलेली चौकट मागाहून कापायची नाही, हा ब्रेसाँचा स्वतःचा कडक नियम होता. हे चित्र मात्र कुंपणाच्या फटीतून घेतल्यामुळे एका बाजूला लाकूड आले होते, ते त्यांनी कापले. स्वतःचा नियम त्यांनी फार क्वचित मोडला, त्यांपैकी हा एक प्रसंग.

रॉबर्ट फ्रँक यांची गोष्ट अधिक कठीण. स्वित्झर्लंडहून अमेरिकेत आलेल्या या गृहस्थाला १९५५ मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. तो देशभर मोटारीने फिरला आणि २७,००० हून अधिक चित्रे काढली. पुस्तकात घेतली फक्त ८३. हजारी तीन! पुस्तक आधी १९५८ मध्ये पॅरिसला निघाले, अमेरिकेत त्याच्या पुढच्या वर्षी. तिकडच्या एका छायाचित्रण मासिकात त्यावर कडक टीका झाली : चित्रे अस्पष्ट, दाणेदार, क्षितिजे कललेली, काम गबाळे. नियमांच्या दृष्टीने टीका खोटी नव्हती. पुस्तकातील पहिल्याच चित्रात होबोकेन गावच्या मिरवणुकीच्या वेळी दोन स्त्रिया दोन खिडक्यांत उभ्या आहेत आणि राष्ट्रध्वजाने त्यांतल्या एकीचा चेहरा पूर्ण झाकला आहे. चेहरा झाकला जाऊ नये, हे तर नवशिक्यालाही माहीत असते. पण सोहळ्याच्या निशाणामागे माणूस दिसेनासा होतो, हेच जर म्हणायचे असेल तर दुसरे कसे म्हणणार? आज त्या पुस्तकाची गणना विसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी छायाचित्रसंग्रहांत होते. तरुण वाचक फ्रँकचे नाव घेऊन कलती क्षितिजे काढतात, तेव्हा त्यांनी त्या हजारी तीनच्या हिशेबाकडेही लक्ष द्यावे. उरलेली २६,००० हून अधिक चित्रे त्याने स्वतःच बाजूला ठेवली होती.

मुंबईकरांना जवळचे उदाहरण म्हणजे रघू राय यांचे चर्चगेट स्थानकाचे १९९५ मधील चित्र. चित्र स्पष्ट असावे हा नियमांतला नियम. येथे पडदा बराच वेळ उघडा ठेवल्यामुळे फलाटावरची गर्दी धुरकट ओढ्यासारखी वाहते आहे आणि तिच्या मधोमध वर्तमानपत्र वाचत थबकलेली माणसे तेवढी स्पष्ट आहेत. गर्दी स्पष्ट काढली असती तर शेकडो माणसे दिसली असती, पण गर्दीचा वेग दिसला नसता. अस्पष्टतेचे कारण त्या वाचणाऱ्या माणसांच्या रूपाने चौकटीतच उभे आहे. हात हलल्यामुळे आलेली अस्पष्टता आणि ही, यांतला फरक लहान मूलही ओळखेल.

ज्यांना हे घरी पडताळून पाहायचे आहे त्यांनी जाड पुठ्ठ्याचे काटकोनी दोन तुकडे कापावेत आणि ते समोरासमोर धरून लहान-मोठी होणारी चौकट करावी. घरातला जुना अल्बम काढून एखाद्या समूहचित्रावर ती ठेवावी. कडेला अर्धे कापले गेलेले मूल, मागे दारात डोकावणारी बाई, खांबाआड गेलेला काका झाकून पाहावे. चित्र नियमाने शुद्ध होते की त्यातले काही जाते, हे प्रत्येक चित्रापुरते वेगळे ठरवावे. मात्र मूळ चित्राला कात्री लावू नये. फ्रेमवाल्याकडे देतानाही तसे बजावून सांगावे, कारण काचेच्या मापात बसावे म्हणून कडा कापण्याची त्यांना सवय असते, आणि त्या कडेवरचे मूल कोण होते हे सांगणारे घरात आता एखादेच माणूस उरलेले असते.