शर्यतीचा वळू निवडताना स्वभावही पाहा

बैलगाडा शर्यतींचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरवला. आता खिलार गाय भरवताना अनेकजण वळूचा फक्त पळ पाहतात. पण त्याच वळूच्या कालवडी तुमच्या घरी दूध देणार आहेत, हे विसरू नका.

मांसासाठी गुरे पाळणाऱ्या देशांत स्वभाव मोजतात, कारण बिथरणारे जनावर वजन कमी धरते. खोड्यातून सुटल्यावर ते किती वेगाने पळते, याची नोंद ठेवतात. गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्याच कृष्णा खोऱ्यातील गुरांपासून अमेरिकेत तयार झालेली ब्राह्मन जात या चाचणीत हेरफोर्ड, अँगसपेक्षा चपळ व बुजरी ठरते. पण तेवढ्यावरून जातीला नावे ठेवू नयेत. एकाच जातीत मारकी आणि गरीब, दोन्ही जनावरे सापडतात. लिमोझिनही पूर्वी तापट म्हणून बदनाम होती. अमेरिकेतील पैदासकारांनी शांतपणाला गुण देऊन वळू निवडले आणि काही पिढ्यांत फरक दिसला.

या गुणाची आनुवंशिकता साधारण ०.२ ते ०.४ मानतात. म्हणजे जनावरा-जनावरांतल्या फरकाचा पाचवा ते दोन-पंचमांश हिस्सा रक्तातला, उरलेला मुख्यतः हाताळणी व परिस्थितीचा. खिलार मुळात तल्लख. त्यात केवळ तापटपणालाच वेग समजून निवड केली, तर दावणीला मारक्या गायी वाढतील.

म्हणून गाय भरवण्यापूर्वी वळूच्या दोन-तीन व्यालेल्या मुली पाहा. अनोळखी माणूस जवळ गेल्यावर त्या काय करतात, धार काढताना लाथ मारतात का, हे मालकाला नव्हे, धार काढणाऱ्याला विचारा. वासरू झाले की पहिल्या महिन्यापासून रोज अंगावरून हात फिरवा.