संमतीचे छायाचित्र

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शासकीय छायाचित्रकारांनी प्रशांत महासागरातील बेटांवर टिपलेली असंख्य छायाचित्रे व चित्रफिती जतन केलेल्या आहेत. त्यांतील एका प्रसंगापाशी मी गेले काही दिवस थबकलो आहे. नारळीच्या झाडांखाली स्त्री-पुरुष आणि मुले जमिनीवर बसली आहेत. समोर गणवेशातील नौदल अधिकारी आणि त्याचा दुभाषी. एखाद्या खेड्यातील चावडीवरची सभाच वाटावी, इतके सारे शांत आहे. स्थळ मार्शल बेटांपैकी बिकिनी, वर्ष १९४६.

दहा फेब्रुवारीच्या रविवारी, प्रार्थना आटोपल्यावर, मार्शल बेटांचे लष्करी प्रशासक कमोडोर बेन वायट यांनी बेटवासीयांना एकत्र बोलावले. मानवजातीच्या कल्याणासाठी आणि युद्धे कायमची थांबावीत म्हणून आपण हे बेट तात्पुरते सोडाल का, अशी विचारणा त्यांनी केली. प्रयोजन होते अणुबॉम्बच्या चाचण्यांचे. बेटवासीयांनी आपसांत विचार केला. मग त्यांचे प्रमुख जुडा उत्तरले की सर्व काही देवाच्या हाती आहे, आम्ही जाऊ. लोक होते १६७.

मात्र नौदलाने चित्रित केलेली सभा त्या रविवारची नव्हे. तीन मार्च रोजी कॅमेऱ्यांसाठी ती पुन्हा भरविण्यात आली. तोच प्रश्न, तेच उत्तर, आणि मनासारखे चित्रण होईपर्यंत पुनःपुन्हा. रॉबर्ट स्टोन यांच्या ‘रेडिओ बिकिनी’ या माहितीपटात हे तुकडे पाहावयास मिळतात. जुडा तेच वाक्य पुन्हा उच्चारतात आणि पाहणाऱ्यालाच संकोच वाटू लागतो.

कागद हाती आला की आधी तारखा पाहाव्यात, ही बँकेने लावलेली सवय. चाचण्या बिकिनीत होतील हे ॲडमिरल ब्लँडी यांनी २४ जानेवारीसच जाहीर केले होते. सहा फेब्रुवारीस सर्वेक्षण जहाजाने जहाजांना वाट करण्यासाठी तेथील प्रवाळखडक सुरुंगाने फोडावयास आरंभही केला होता. संमती मागितली गेली त्यानंतर चार दिवसांनी!

आपल्याकडील १८७२ च्या करार कायद्याचे सोळावे कलम व्यापारी घरांना अपरिचित नसावे. एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवू शकेल अशा स्थितीत असून त्याने तिचा गैरफायदा घेतला, तर मिळालेली संमती मुक्त मानली जात नाही. आपले शास्त्र त्याहून सूक्ष्म जाते. कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही प्रकारे कर्मबंध होतो, असे ते सांगते. करणारे आणि करविणारे नौदलापाशी सिद्धच होते. उणीव होती ती अनुमोदनाची, आणि तीही चित्रफितीवर हवी होती.

हे लिहिताना मला एक वृद्ध स्त्री आठवते. पुतण्याच्या कर्जाला जामीन म्हणून ती शाखेत आली होती. मजकूर वाचून दाखविला का, या रकान्यात ‘होय’ असे लिहिलेले होते. पुतण्या तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. अंगठा उमटला, मी सही केली. दोन वर्षांनी वसुलीची नोटीस तिच्या पत्त्यावर गेली. फाइल तपासणीत निर्दोष ठरली.

सात मार्चला नौदलाच्या जहाजातून बेटवासीयांना सुमारे दोनशे किलोमीटरवरील राँगेरिक बेटावर नेण्यात आले. जुलैत दोन स्फोट झाले. पहिल्या स्फोटाच्या वेळी लक्ष्य म्हणून उभ्या केलेल्या जहाजांवर १७६ शेळ्या, १४६ डुकरे आणि तीन हजारांवर पांढरे उंदीर ठेवले होते. डेकवर बांधलेल्या शेळ्यांचीही शासकीय छायाचित्रे आहेत. ती मी दुसऱ्यांदा उघडली नाहीत. त्या स्फोटानंतर चारच दिवसांत पॅरिसच्या एका वेशरचनाकाराने आपल्या पोहण्याच्या पोशाखास बिकिनी हे नाव दिले आणि जगाने बेटाची ओळख तेवढीच ठेवली.

राँगेरिकवर अन्न पुरेना. १९४८ मध्ये उपासमारीने खंगलेल्या या लोकांना प्रथम क्वाजालीनच्या धावपट्टीलगतच्या तंबूंत आणि नंतर किली या एक चौरस किलोमीटरहूनही लहान बेटावर हलविण्यात आले. किलीला खाजण नाही. लाटा उसळल्या की होडी लोटता येत नाही. आयुष्यभर शांत खाजणात मासेमारी केलेल्या माणसांसाठी ते बंदिवासासारखेच होते. इकडे १९५८ पर्यंत बिकिनीत एकूण २३ चाचण्या झाल्या. १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी बेट सुरक्षित असल्याचे सांगितले. काही कुटुंबे परतलीही, परंतु स्थानिक अन्नातून त्यांच्या शरीरात किरणोत्सारी सीझियम साठत असल्याचे आढळले आणि १९७८ मध्ये त्यांना पुन्हा बाहेर काढावे लागले. २००१ मध्ये अणुदावे न्यायाधिकरणाने ५६ कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. न्यायाधिकरणाच्या निधीत तेवढी शिल्लकच नव्हती, त्यामुळे तिचा अत्यल्प भाग वगळता काही हाती आले नाही. असे धनादेश कोणत्या शेऱ्यानिशी परत जातात, हे वाचकांस सांगावयास नकोच.

बिकिनीवासीयांनी पुढे आपला ध्वज तयार केला. तो अमेरिकेच्या ध्वजासारखाच दिसतो, पट्टे आणि तारे असलेला. बेटांसाठी २३ पांढरे तारे आहेत आणि १९५४ च्या स्फोटात नाहीशा झालेल्या तीन बेटांसाठी तीन काळे. खाली मार्शली भाषेत जुडांनी कॅमेऱ्यापुढे पुनःपुन्हा उच्चारलेले तेच शब्द लिहिलेले आहेत : सर्व काही देवाच्या हाती आहे.