काचेचं घर वाजतं तेव्हा

एक सांगा, ऑफिसातल्या काचेच्या केबिनला कधी कान लावून पाहिलाय? बॉसचं गॉसिप ऐकायला नाही हो, नुसती काच ऐकायला! एसीची घरघर, लिफ्टचा धक्का, खालून जाणारी बस... सगळं त्या काचेत हळूच थरथरत असतं. आपल्याला पत्ताच नसतो.

सप्टेंबर २०१६मध्ये दोन माणसांनी ही थरथर ऐकली. नुसती ऐकली नाही, तर अख्खं घरच वाजवलं.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात न्यू कनान नावाचं गाव आहे. फिलिप जॉन्सन या आर्किटेक्टने १९४९मध्ये तिथे स्वतःसाठी एक घर बांधलं, ‘ग्लास हाउस’. चारी भिंती काचेच्या. आत खोल्या नाहीतच, फक्त बाथरूमभोवती विटांचा गोल बुरूज. (तेवढी प्रायव्हसी तर हवीच ना राव!) जॉन्सन २००५मध्ये गेला आणि २००७पासून हे घर म्युझियम म्हणून लोकांना खुलं झालं. आवारात चित्रांचं आणि शिल्पांचं वेगळं दालनही आहे. त्या सप्टेंबरात जपानी कलावती यायोई कुसामा यांच्या प्रदर्शनामुळे या काचांवर लालभडक ठिपके उमटले होते.

त्याच निमित्ताने तिथे वाजवायला आले र्‍युईची साकामोटो आणि कार्स्टन निकोलाय. साकामोटो म्हणजे ‘द लास्ट एम्परर’च्या संगीतासाठी ऑस्कर मिळवणारा जपानी संगीतकार. निकोलाय जर्मन, ‘अल्वा नोटो’ या नावाने कॉम्प्युटरची टिकटिक, गुणगुण, खरखर यांतून संगीत करणारा. दोघांचा पहिला अल्बम २००२चा. म्हणजे जोडी जुनीच. पण इथे साकामोटोचा नेहमीचा पियानो नव्हता. होते कीबोर्ड, मिक्सर, काचेचे वाडगे, धातूच्या छोट्या चकत्या. आणि सगळ्यात मोठं वाद्य, घराची काच.

काच वाजते कशी? तिच्यावर काँटॅक्ट माइक चिकटवले होते. साधा माइक हवेतला आवाज पकडतो, हा थेट वस्तूतली थरथर पकडतो. लहानपणी भिंतीला स्टीलचा पेला लावून शेजारच्यांचं भांडण ऐकायचात ना? बस्स, तेच तत्त्व! साकामोटो रबरी टोकाची काठी काचेवर हळूच घासत जातो आणि भिंत हुंकारते. कधी देवळातल्या घंटेच्या मागे उरणार्‍या नादासारखी, कधी लांबून येणार्‍या भोंग्यासारखी.

यातलं काहीही आधी लिहून ठेवलेलं नव्हतं. सगळं तिथल्या तिथे सुचलेलं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? आपल्याकडे प्रत्येक मैफलीत हेच होतं. बरोबर आहे. पण आपल्या गवयाला धरायला कठडा असतो. राग ठरलेला, ताल ठरलेला, समेवर कधी यायचं ते ठरलेलं. इथे ना राग, ना ताल, ना सम. मग दोघं एकमेकांच्या पायात पाय कसे अडकवत नाहीत?

उत्तर साधं आहे. ते वाजवतात कमी आणि ऐकतात जास्त. एकाने सूर सोडला की दुसरा लगेच त्यावर तुटून पडत नाही. थांबतो. तो सूर विरतो कसा ते ऐकतो, मग आपलं काहीतरी हळूच शेजारी ठेवतो. आपल्या मीटिंगा आठवा. समोरचा बोलत असतो तेव्हा आपण ऐकतो कुठे? आपण तर आपला पुढचा पॉइंट घोकत असतो.

अजून एक गोष्ट. २०१४मध्ये साकामोटोला घशाचा कॅन्सर झाला होता. काम थांबवावं लागलं. त्यातून उठून २०१५मध्ये त्याने ‘द रेव्हेनंट’ या सिनेमाचं संगीत केलं, त्यातही निकोलाय सोबत होता. आणि पुढच्या वर्षी हा माणूस एका काचेच्या घरात, हातात काठी घेऊन उभा. वय ६४. ऑस्कर खिशात. हिट ट्यून वाजवून टाळ्या घ्यायला कोण अडवत होतं? पण त्याने पुढच्या क्षणी काय होईल हे स्वतःलाही ठाऊक नसलेलं काम निवडलं. हुकलं तर सगळ्यांसमोर हुकणार. अनडू नाही, रीटेक नाही.

मार्च २०२३मध्ये साकामोटो गेला. त्या दिवशीचं वादन मात्र २०१८मध्ये ‘ग्लास’ नावाने अल्बम होऊन आलं. जेमतेम ३७ मिनिटं.

खरं सांगतो, पहिली दहा मिनिटं जाम बोअर होईल. ‘गाणं कधी सुरू होणार?’ असं वाटेल. बोट फॉरवर्डकडे जाईल. जाऊ देऊ नका. पंधराव्या मिनिटाच्या आसपास आपल्या घरातला फ्रिज, पंखा, वरच्या मजल्यावरची खुर्चीची सरकासरक, सगळंच ऐकू यायला लागतं. त्यातलं अल्बममधलं कुठलं आणि घरातलं कुठलं, हेच कळेनासं होतं.

तर या रविवारी हेडफोन नको, साध्या स्पीकरवर लावा. फोन दुसर्‍या खोलीत ठेवा. आणि संपल्यावर लगेच बोलू नका. आईने ‘जेवायला येतोस ना?’ विचारलं, तर तिचा आवाजही जरा नीट ऐका. तोही रेकॉर्ड केलेला नसतो.