गुडघ्याचं खरं सांगा

पहाटे पाचला आमच्या तालुक्याच्या मैदानावर पोरं धावायला येतात. कुणी अकॅडमीची, कुणी आपली आपण. सगळ्यांच्या तोंडी दोन आकडे असतात: सोळाशे मीटर आणि साडेपाच मिनिटं. माझा भाचा त्यांच्यातलाच एक. वीस वर्षांचा आहे, अंगाने भरलेला, दमाचा. तीन वर्षांपूर्वी कबड्डीच्या सामन्यात चढाईला गेला असताना त्याचा उजवा पाय पकडीत सापडला. अंग वळलं, गुडघा मात्र होता तिथेच राहिला. आतून ‘कट्’ असा आवाज आला, असं तो सांगतो. रात्रीतून गुडघा सुजला. एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं, पंधरा दिवस पट्टी बांधली, गावातल्या एका जाणत्याकडून चोळून घेतलं आणि दोन महिन्यांनी तो पुन्हा धावू लागला. आता अग्निवीर भरतीचा अर्ज भरायचा आहे आणि प्रत्येकाकडे त्याच्यासाठी एकेक सल्ला तयार आहे.

यातले बहुतेक सल्ले मला चुकीचे वाटतात. देणारी माणसं त्याच्या जवळची आहेत. म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवं. परक्याचा सल्ला पोरं विसरतात, आपल्या माणसाचा मनात धरून ठेवतात.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा सल्ला म्हणजे ‘गप्प बस’. मेडिकलला विचारलं तर काही झालं नव्हतं म्हणून सांग. दुखलंच तर आदल्या रात्री गोळी घे. तिथे कुठे एमआरआय काढतात? एकदा आत गेलास की कोण बघतं?

या सल्ल्यामागची घालमेल मला कळते. योजना जाहीर झाली तेव्हा वयाची अट साडेसतरा ते २१ अशी होती. बारावी होऊन तयारीला लागलेल्या पोराच्या हातात त्यातून दोन-तीन भरत्या येतात. लेखी परीक्षा, मग ग्राउंड, मग मेडिकल. एवढं सगळं ओलांडून शेवटच्या टेबलावर स्वतःच्याच तोंडाने ‘माझा गुडघा निसटायचा’ असं सांगायचं, म्हणजे पोटावर पाय आणायचा, असं त्याला वाटतं. ज्या घरात दीड एकर कोरडवाहू आणि दोन बहिणी आहेत, तिथे हा हिशेब लहान नसतो. शिवाय दुसरी गोष्टही खरी आहे. मेडिकलला गुडघे जुळवून उभं करतात, तळवे बघतात, उकिडवं बसवतात, जखमांचे व्रण तपासतात. तरी शस्त्रक्रियेचा व्रण नसलेला, नुसता आतून सैल झालेला गुडघा एखाद्या वेळी नजरेतून सुटू शकतो. मी हे नाकारत नाही.

पण सुटतो तो मेडिकलमधून. गुडघा तसाच राहतो.

हे समजायला गुडघ्याच्या आत काय असतं ते बघावं लागेल. मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून बांधून ठेवणारे दोन दोर एकमेकांना छेदून जातात. त्यातला पुढचा दोर कबड्डी, फुटबॉल अशा वळणावळणाच्या खेळांत सर्रास तुटतो. हाड मोडलं तर जुळतं, कारण त्याला रक्ताचा चांगला पुरवठा असतो. सांध्याच्या आतला हा दोर पूर्ण तुटला तर बहुधा आपोआप जुळत नाही, आणि एक्स-रेत तो दिसतही नाही. ‘हाड शाबूत आहे’ हे वाक्य तेव्हा खरं होतं, पण प्रश्नच हाडाचा नव्हता. आणि फसगत होते ती पुढेच: सरळ रेषेत धावताना या दोराची उणीव फारशी जाणवत नाही. जाणवते ती गर्रकन वळताना, उतार उतरताना, उडी मारून जमिनीवर येताना. म्हणजे मैदानाच्या आखलेल्या पट्ट्यावरचे सोळाशे मीटर ही तुटक्या दोराला सगळ्यात कमी त्रास देणारी परीक्षा आहे. माझा भाचा पाच मिनिटं वीस सेकंदांत येतो आणि सगळे म्हणतात, ‘बघा, काही झालेलं नाही.’ त्या वेळेवरून त्याच्या छातीचा दम कळतो. गुडघ्याचं तिच्यातून काहीच कळत नाही.

सैन्यात गेल्यावर परीक्षा बदलते. तिथल्या लढाऊ शारीरिक चाचणीत हत्यार आणि पाठीवरच्या ओझ्यासह पाच किलोमीटर धावायचं असतं, दोरावर चढायचं असतं, नऊ फुटांचा खड्डा ओलांडायचा असतो, तेही एकदाच नव्हे. मग काश्मीरचा किंवा अरुणाचलचा डोंगर येतो. तिथे रात्री, ओल्या दगडांवरून उतरताना गुडघा निसटला तर काय होतं? पायदळाचं सेक्शन दहा जणांचं असतं. एक जण बसला की दोघांनी त्याला धरायचं, तिसऱ्याने त्याची रायफल आणि पॅक घ्यायचा. दहाचे सहा उरतात. ‘गप्प बस’ म्हणणारा माणूस हा हिशेब कधीच मांडत नाही. लपवलेला गुडघा एकट्या पोराचा राहत नाही. त्याच्या शेजारी चालणाऱ्या, बीडच्या किंवा बिहारच्या कुठल्यातरी पोराच्या खांद्यावर तो न विचारता ठेवलेला असतो. माझा खरा आक्षेप इथे आहे. बाकीचे आक्षेप याच्यामागून येतात.

ते बाकीचेही हलके नाहीत. भरतीच्या फॉर्मवरच्या प्रश्नाला जाणूनबुजून खोटं उत्तर दिल्याचं नंतर उघड झालं, तर लष्कर कायदा, १९५० च्या कलम ४४ खाली कोर्ट मार्शल होऊन पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आमच्या मैदानावरच्या एकाही पोराने हे कलम ऐकलेलं नव्हतं. ‘सगळेच सांगतात खोटं’ एवढंच ऐकलेलं होतं.

कायद्याची थोडी माहिती असलेले लोक इथे एक वेगळा मुद्दा काढतात. २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद झालेली नसेल, तर जवान धडधाकट होता असं गृहीत धरायचं आणि नंतर प्रकृती बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असं मानायचं. मग नोंद न होणं फायद्याचंच नाही का? नाही. हे गृहीतक आहे आणि पुरावा आला की गृहीतक कोसळतं. तालुक्याच्या दवाखान्यातला केसपेपर, जुन्या सामन्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ, काहीही पुरतं. आणि ते गृहीतक मिळालं आहे ते खरं बोलून आत गेलेल्या जवानाच्या रक्षणासाठी. आपण ते फसवून वापरलं, तर पुढच्या खऱ्या जखमी माणसाकडे वैद्यकीय मंडळ संशयाने बघायला शिकेल.

शिवाय अग्निवीराच्या हाती पडतं काय? सेवेमुळे आलेलं किंवा सेवेत वाढलेलं अपंगत्व मंडळाने १००, ७५ किंवा ५० टक्के ठरवलं, तर अनुक्रमे ४४, २५ आणि १५ लाख रुपये एकरकमी मिळतात. त्यासोबत निवृत्तिवेतन नाही.  एनडीएसारख्या संस्थांत पूर्ण तंदुरुस्त म्हणून दाखल झालेल्या आणि प्रशिक्षणात जायबंदी होऊन बाहेर पडलेल्या छात्रांची परवड इतकी झाली, की ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून त्यांच्या प्रश्नाची दखल घ्यावी लागली. ज्यांच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं, त्यांची ही गत. लपवून गेलेला पोरगा कुणाच्या दारात उभा राहणार?

‘चारच तर वर्षं काढायचीत’ असंही कुणी म्हणतं. सैल गुडघा प्रत्येक हिसक्याला आतली गादी फाडत जातो. चोवीस-पंचविसाव्या वर्षी बाहेर पडल्यावर शेतात, पोलीस भरतीत, कारखान्यात, जिथे जाईल तिथे त्याला त्याच गुडघ्यावर उभं राहायचं आहे.

दुसरा सल्ला दिसायला फार सुंदर आहे: ‘जिद्द असेल तर शरीर मागे येतं.’ आणि लगेच नावं घेतली जातात. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कंबरेखाली अधू झाले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर जलतरणात त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. त्यांच्यावरचा ‘चंदू चॅम्पियन’ हा सिनेमा आल्यापासून आमच्या मैदानावर हे नाव रोज निघतं. लष्करी अधिकारी इयान कार्डोझो यांनी १९७१ च्या युद्धात सुरुंगाने चिरडलेला स्वतःचा पाय कुकरीने तोडला आणि पुढे कृत्रिम पायावर पायदळाच्या पलटणीचं नेतृत्व केलं. घोडखिंडीतले बाजीप्रभू तर आपल्या रक्तातच आहेत.

या तिघांपुढे मी हात जोडतो. पण त्यांचा दाखला इथे लागू होत नाही. सैन्यात जखमी होणं वेगळं आणि जखमी असून ते न सांगता सैन्यात जाणं वेगळं. कार्डोझोंना एक पाय नाही, हे साऱ्या सैन्याला ठाऊक होतं. ते वरिष्ठांसमोर डोंगर चढून गेले, तपासा म्हणाले, आणि मग पलटण मागितली. मूळचे बॉक्सर असलेल्या पेटकरांनी अधूपण झाकून रिंगणात परत उडी घेतली नाही. जे शरीर उरलं होतं ते त्यांनी पाण्यात उतरवलं. त्यांच्या जिद्दीचा पाया उघडेपणा होता. ‘गप्प बस’च्या समर्थनासाठी त्यांचं नाव घेणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

तिसरा सल्ला माझ्या बहिणीचा. ‘एकदा मोडलं ते मोडलं. नाद सोड.’ ताईच्या या बोलण्यात भीती आहे आणि ती मला समजते, पण पटत नाही. गावोगाव किती पोरं या एका वाक्यापायी भरतीला उभीच राहत नाहीत! आठव्या वर्षी झाडावरून पडून मनगटाजवळ हाड मोडलं, ते नीट जुळलं, हात पूर्ण वळतो, पूर्ण ताकद आहे, तरी ‘आपल्याला घेणार नाहीत’ म्हणून घरी बसलेला पोरगा मी पाहिला आहे. लहानपणी हाड जुळताना बाकही बऱ्याचदा भरून निघतो. डॉक्टर पूर्वी काय झालं होतं एवढ्यावर थांबत नाहीत. आज काय उरलं आहे ते बघतात: सांधा पूर्ण वाकतो का, हाड सरळ आहे का, ताकद दोन्ही बाजूंना सारखी आहे का, आत प्लेट किंवा स्क्रू राहिला आहे का. प्लेट आत असेल तर ती अडचण ठरते, म्हणून तिचा विचार भरतीच्या आदल्या महिन्यात नव्हे, वर्षभर आधी करायचा असतो. आणि रॅलीत ‘अनफिट’ शेरा पडला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. फेरतपासणीसाठी लष्करी रुग्णालयात जाता येतं, तिथे त्या-त्या विषयाचा तज्ज्ञ बघतो. किती मुलं ‘अनफिट’चा कागद हातात घेऊन थेट एसटी पकडून घरी येतात!

मग मी स्वतः काय म्हणतो? जुनी दुखापत आहे म्हणून थांबू नये आणि तिच्यासह गुपचूप आतही शिरू नये. आधी तिचं नाव माहीत करून घ्यावं. हाडवैद्याकडे नव्हे, अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावं, जुने कागद घेऊन जावं. त्याला ‘मी धावू शकतो का’ हा प्रश्न विचारू नये, त्याचं उत्तर भाच्याला आधीच माहीत आहे. विचारायचं ते असं: पाठीवर ओझं घेऊन, डोंगरात, वर्षानुवर्षं हा गुडघा चालेल का? दरम्यान स्वतःही बघावं. एका पायावर उडी मारून दोन्ही बाजूंचं अंतर मोजावं. नांगरलेल्या रानातून उतारावर धावावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या-उठल्या दोन्ही गुडघे शेजारी ठेवून बघावेत. गोळीने दुखणं दाबता येतं, सकाळची सूज लपत नाही.

दोर तुटलेला निघाला तर शस्त्रक्रिया करता येते. रुग्णाच्याच मांडीमागचा स्नायूबंध घेऊन नवा दोर बसवतात. त्यानंतर वळणावळणाच्या खेळात उतरायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागतं. इतकं करूनही वैद्यकीय मंडळ तो गुडघा नाकारू शकतं, हेही पोराला आधीच सांगितलं पाहिजे. ही गोष्ट कडू आहे. पण वीस वर्षांच्या मुलाला कडू गोष्ट पेलत नाही असं समजून त्याला अंधारात ठेवणारे आपण, त्यालाच सीमेवर पाठवायला निघालो आहोत.

अकॅडम्यांवर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. महिन्याची फी घेताना छाती मोजतात, उंची मोजतात. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलाला ‘कुठे लागलं होतं का, कधी, कसं’ एवढं विचारून डॉक्टरकडे पाठवलं, तर कितीतरी जणांची दोन-दोन वर्षं वाचतील. ज्यांचं दुखणं बरं होण्यासारखं आहे त्यांना बरं व्हायला वेळ मिळेल. ज्यांचं नाही, त्यांना वय असताना दुसरी वाट धरता येईल.

गेल्या आठवड्यात मी भाच्याला घेऊन जिल्ह्याच्या गावी गेलो. डॉक्टरांनी त्याला आडवं झोपवलं, गुडघा थोडा वाकवला, नडगी दोन्ही हातांत धरून पुढे ओढली. आधी डावी, मग उजवी. उजवी किती पुढे आली ते त्यालाही दिसलं, मलाही दिसलं. परत येताना एसटीत बराच वेळ तो खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, ‘मामा, फाटलेलंच निघालं तर मेडिकलला मी सांगणार. पण तोवर धावणं बंद करू का?’ मी म्हटलं, पट्ट्यावर धाव, रानात नको.

गुरुवारी एमआरआय आहे. तीन वर्षांपूर्वीचा एक्स-रे शोधायला ताईने माळ्यावरची ट्रंक खाली काढली आहे.