जुना संगणक आणि नवी प्रणाली



संगणक सुरू केला की पडद्यावर बहुधा विंडोज दिसते. त्यामुळे पुष्कळांना वाटते, की संगणक म्हणजेच विंडोज. तसे नाही. विंडोज ही संगणक चालवणारी एक कार्यप्रणाली आहे. लिनक्स ही दुसरी. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला व सर्वांसाठी खुला केला.

आज हा विषय काढण्याचे कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद झाला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि नवे प्रोसेसर लागतात. बऱ्याच जुन्या संगणकांत ते नसतात. यंत्र धडधाकट असते, पण दुकानदार म्हणतो, "आता नवा घ्या." प्रत्येक घरात तेवढे पैसे कोठून येणार? मग कोणीतरी विंडोजची चोरीची प्रत टाकून देतो. मला हे पटत नाही. लिनक्स फुकट मिळते आणि तिची प्रत मित्राला देणे हा गुन्हा नाही. परवान्यातच तशी मुभा आहे.

"पण ती अवघड असते ना?" असे तुम्ही विचाराल. रायगड जिल्ह्यातील खैराट येथील छोट्या शाळेत २००७ साली मुलांना हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले. त्यांत लिनक्सच होती. त्या मुलांनी आधी विंडोज कधी पाहिलीच नव्हती, म्हणून त्यांना काही विसरावे लागले नाही! केरळच्या सरकारी शाळांतही कित्येक वर्षे लिनक्सवरच शिकवतात. अवघड असते ती मोडलेली सवय.

नवशिक्याने एकदम विंडोज पुसून टाकू नये. आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्यावा. रिकामा अशासाठी, की त्यावरचे सारे पुसले जाते. त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू उतरवून संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करावा. आतल्या फायलींना धक्का न लावता प्रणाली पाहता येते. आवाज येतो का, इंटरनेट लागते का, प्रिंटर चालतो का, हे आधीच कळते. पसंत पडली तर फायलींची प्रत बाहेर ठेवून मगच ती कायमची बसवावी.

आपल्यासारख्यांची खरी अडचण मात्र निराळी आहे. वली आणि सिराज यांच्या या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, उर्दू लिहिणारे पुष्कळ. १९९४ साली इनपेज आले आणि कातिबांच्या हातचे नस्तालीक संगणकावर उतरले. ते मोठेच काम झाले, यात शंका नाही. पण इनपेज विंडोजसाठी बनलेले आहे. त्यातली जुनी फाईल लिनक्सवर सहज उघडत नाही. मराठीचीही तीच गत! श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडा, मराठीच्या जागी भलतीच चिन्हे दिसतील.

म्हणून माझे मत असे, की प्रणालीच्या आधी लिहिण्याची पद्धत बदलावी. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असतो. त्यात लिहिलेले उर्दू किंवा मराठी विंडोज, लिनक्स आणि मोबाईल या सर्वांवर वाचता येते. लिनक्सवर लिब्रेऑफिस आणि नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट, दोन्ही मोफत मिळतात. उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सोयही आहे. नस्तालीकची सफाई मात्र अजून इनपेजला साधते तशी नाही, हे मान्य केले पाहिजे. इनपेजच्या नव्या आवृत्तीतून जुना मजकूर युनिकोडमध्ये काढता येतो. ते काम विंडोज संगणकावर असतानाच उरकून घ्यावे, नाहीतर वडिलांनी वर्षानुवर्षे टाइप केलेले कागद आत अडकून पडतील.

आणखी एक गोष्ट. शासकीय नोकरीसाठी एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र मागतात आणि तेथे मुख्यतः विंडोजच शिकवतात. तेव्हा एकाच संगणकावर दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी ठेवायला हरकत नाही. सुरू करताना हवी ती निवडता येते. लिनक्स कशी वापरावी याचे धडे मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात मराठीतूनही तयार केले आहेत. ते मोफत आहेत आणि एकेक धडा जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचा आहे.