नुसतं बघायचे पैसे!

भारतात फोन केला आणि गाड्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "तुमच्याकडे काय बाबा, कॉम्प्युटर लावला की कळतं सगळं!" काका म्हणतात, कॉलेजातले मित्र म्हणतात, परवा तर एक प्राध्यापकही म्हणाले. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

मंडळी, कॉम्प्युटर लावतात हे खरं आहे. १९९६ च्या मॉडेलपासून इथल्या मोटारींत आणि पिकअपमध्ये डॅशबोर्डखाली एक ठराविक सॉकेट असतं. त्यात यंत्र खोचलं की गाडी आपल्या तक्रारी सांकेतिक आकड्यांत सांगते. पण ही सोय सरकारने सक्तीची केली ती धुरासाठी! इंजिन नीट जळतंय ना, बाहेर पडणारा धूर स्वच्छ आहे ना, हे ती मुख्यतः बघते. ताशी ६० मैलांना सीटखालून जी घरघर येते तिची दखल ती घेत नाही.

आता ही घरघर कुणाची ते सांगतो. आमच्या भागात गवत कापायचं, झाडं छाटायचं काम करणारा एक माणूस आहे, मेक्सिकोतून आलेला. आपल्याकडे एखाद्याचं पोट छोट्या हत्तीवर चालतं, तसं याचं पिकअपवर. (अमेरिकन सिनेमात पिकअप म्हणजे मौजमजा. हा माणूस कधी मौज करताना दिसला नाही.) त्याने नऊ हजार डॉलरना जुनी पिकअप घेतली. ५० मैलांच्या पुढे गेली की फरशी, सीट, आरसा, सगळं गुणगुणायला लागायचं. गॅरेजने आधी चारही टायर बदलले. मग चाकं पुन्हा बॅलन्स केली. मग प्रोपेलर शाफ्टचे दोन्ही क्रॉस बदलले. मग शाफ्टच काढून बॅलन्सिंगला पाठवला. एकोणीसशे डॉलर गेले, घरघर तिथेच. शेवटी निरोप आला, गिअरबॉक्स उघडावा लागेल, अठ्ठावीसशे धरून चाला. आता गाडी नाही म्हणजे ट्रेलर नाही, ट्रेलर नाही म्हणजे गवत कापायची यंत्रं घरात, आणि ऐन मे महिन्यात दोन आठवडे आला नाही तर गिऱ्हाईक दुसरा माणूस बघतं.

माझी पीएचडी कंपनांवरची, त्यामुळे शेजारपाजाऱ्यांना मी फुकटात उपलब्ध असतो.

गॅरेजचं नाव सांगत नाही, कारण प्रश्न त्या एका गॅरेजचा नाहीच. त्यांनी केलेलं प्रत्येक काम कुठल्या ना कुठल्या गाडीला लागू पडतंच. फक्त त्या सगळ्याच्या आधी एक साधा प्रश्न विचारायचा असतो, तो कुणी विचारला नाही. ही थरथर सेकंदाला किती वेळा होते?

हिशोब बघा, आठवीच्या पोराला जमेल. ३१ इंच व्यासाचं चाक ६० मैलांच्या वेगात सेकंदाला साधारण ११ वेळा फिरतं. या गाडीच्या मागच्या ॲक्सलचं गिअर प्रमाण ३.७३, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात प्रोपेलर शाफ्टचे ३.७३ फेरे, सेकंदाला सुमारे ४०. चाकाचा तोल गेला असेल तर थरथर ११ ची येणार, शाफ्टचा गेला असेल तर ४० ची. आम्ही मोजली ती ८१ ची निघाली! ४५ मैलांना मोजली, ६१. दोन्ही वेळा चाकाच्या फेऱ्यांच्या ७.४६ पट, म्हणजे ३.७३ ची बरोबर दुप्पट. मग वेग तोच ठेवून खालचा गिअर टाकला, इंजिन ओरडायला लागलं, थरथरीचा आकडा जागचा हलला नाही. इंजिन सुटलं, टॉर्क कन्व्हर्टर सुटला, गिअरबॉक्सवरचा संशयही बराचसा गेला. शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन धक्के बसतायत, आणि अशा धक्क्यांवर टायर किंवा बॅलन्सिंग हा उपायच नाही. गाडीखाली न शिरता एवढं कळलं, वीस मिनिटांत.

(मोबाईलवरची ॲप्स वापरणार असाल तर जपून. त्यांतली बरीचशी सेकंदाला शंभरच नोंदी घेतात. तेवढ्या नोंदींत ८१ ची थरथर १९ ची होऊन दिसू शकते. १९ बघून माणूस पुन्हा टायरवाल्याकडे जातो. मी जलद नोंदी घेणारा सेन्सर नेला होता.)

एका फेऱ्यात दोन धक्के कुठून येतात? आपल्यातले जेवढे मेकॅनिकलवाले आहेत तेवढ्यांनी हे "थिअरी ऑफ मशीन्स"मध्ये लिहून मार्क मिळवलेत. हूक्स जॉइंट! क्रॉसच्या जोडावर शाफ्ट तिरका असेल तर एक बाजू एकसारखी फिरली तरी दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळते आणि दोनदा रेंगाळते. म्हणून शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरा क्रॉस असतो. शाफ्टवरचे काटे एका रेषेत आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे, मग एकाने केलेली गडबड दुसरा निस्तरतो. कोन सारखे नसतील तर उरलेली गडबड तुमच्या सीटखाली. हूकसाहेब सतराव्या शतकातले. क्लेरन्स स्पायसर कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना मोटारीसाठी हा जोड बनवायच्या मागे लागला, १९०३ मध्ये पेटंट मिळालं आणि १९०४ पासून तो कारखान्यात बनवूनच विकायला लागला. विद्यार्थी होता हो, विद्यार्थी! आम्हीही विद्यार्थीच होतो. खुर्मींच्या पुस्तकातलं ते सूत्र झोपेतून उठवलं तरी सांगू शकलो असतो. पण चार वर्षांत एकाही सरांनी "चला, एसटीच्या खाली शिरून कोन मोजू" असं म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तर निम्मी पोरं कपड्यांची सबब सांगून पळाली असती.

असो. आम्ही शिरलो. तीस डॉलरचा चुंबकवाला कोनमापक घेतला. गाडी सपाट जमिनीवर, स्वतःच्या चाकांवर उभी. गिअरबॉक्स मागे ४ अंश उतरता, शाफ्ट ७ अंश उतरता, आणि मागच्या डिफरन्शियलचं तोंड चक्क सपाट. म्हणजे पुढच्या क्रॉसचा कोन ३ अंश, मागच्याचा ७. ही गडबड कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ९ विरुद्ध ४९. पुढचा क्रॉस एवढं कुठून निस्तरणार? आधीच्या मालकाने गाडी मागून उंच दिसावी म्हणून कमानपाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये उताराचे लोखंडी ठोकळे घातले होते, २ अंशांचे, आणि दोन्ही उलटे! तोंड २ अंश वर जायच्या ऐवजी २ अंश खाली, एकूण फरक ४. ठोकळे फिरवले, यू-बोल्ट नवे घातले (जुने पुन्हा वापरू नयेत). साठेक डॉलर आणि एक दुपार. घरघर गेली.

नाहीतर ते नवे क्रॉसही लवकर खलास झाले असते. ट्रेलर ओढताना हमरस्त्यावर क्रॉस तुटला की शाफ्ट खाली पडतो, आणि मग मागून येणाऱ्याचं काय होईल ते सांगायला नको.

गॅरेजला हे का दिसलं नाही? एक कारण अगदी साधं. दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी उचलली की मागचा ॲक्सल लोंबतो आणि सगळे कोन बदलतात, खरा कोन तिथे दिसतच नाही. दुसरं कारण पैशाचं, आणि माझं भांडण त्याच्याशी आहे. इथे बऱ्याच ठिकाणी मेकॅनिकला फ्लॅट रेटने पैसे मिळतात. पुस्तकात प्रत्येक कामाचे तास छापलेले असतात, क्रॉस बदलायचे इतके, टायरचे इतके. काम लवकर उरकलं तरी तितकेच पैसे, जास्त वेळ लागला तरी तितकेच. विचार करायचे, चक्कर मारून यायचे, गाडीखाली पडून मोजायचे तास बहुतेक वेळा त्याच्याच खिशातून जातात. मग तो डोकं का चालवेल? पार्ट बदलला की गॅरेजला नफा, मेकॅनिकला तास आणि गिऱ्हाइकाला हातात जुना पार्ट, म्हणजे "काहीतरी केलं" याचा पुरावा. चुकीचं निदान या धंद्यात परवडतं हो, बरोबर निदानच परवडत नाही!

आणि गिऱ्हाईक काही बिचारं नाही. शंभर डॉलर नुसते बघायचे म्हटले की इथला माणूसही तसाच उसळतो जसा आपला माणूस सदाशिव पेठेत उसळेल. "नुसतं बघायचे पैसे?" डॉक्टरने नाडी बघितली, औषध काही नको म्हणाला, तरी आपण फी देऊन येतो की नाही? मिस्त्रीने मात्र स्क्रू फिरवल्याशिवाय पैसे मागायचे नाहीत.

"आमचा मिस्त्री कानाने ओळखायचा" असं सांगणाऱ्यांनाही एक विचारायचंय. ओळखायचा, मान्य, कारण ८१ ची गुणगुण आणि ११ चे हादरे यांतला फरक त्याच्या कानाला कळायचा. त्या कानाचे त्याला कधी वेगळे पैसे दिलेत? त्याच्या मुलाने ते शिकावं असं तुम्हाला वाटलं, की त्याच्या मुलाने कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात टाय लावून पार्टांची यादी वाचावी असं वाटलं? आणि आम्ही इंजिनिअर, ज्यांना ते सूत्र पाठ होतं, आम्ही त्याला "ए मिस्त्री" म्हणत राहिलो.

माझा मेक्सिकन मित्र आता शहाणा झालाय. गेल्या महिन्यात ब्रेकला आवाज यायला लागला तेव्हा तो एका दुसऱ्या गॅरेजात गेला आणि म्हणाला, एका तासाचे पैसे घ्या, काही बदलू नका, काय झालंय ते फक्त लिहून द्या. मालकाने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मेकॅनिकने पाऊण तासात निदान केलं, बरोबर केलं. बिलाच्या फॉर्मवर मात्र त्या कामाला रकानाच नव्हता, म्हणून त्याने ते "किरकोळ सामान" मध्ये लिहिलं.