फलकावर ‘व्हॅली’, खरेदीखतात कौठा



‘प्लॉटिंगला नवी नावे दिली तर बिघडले कुठे?’ असे विचारणाऱ्या पत्राला हे उत्तर. नव्या नावांशी माझे भांडण नाही. नांदेडच्या ‘सिडको’ या वस्तीचे नाव तर ती वसवणाऱ्या महामंडळाचेच. ऑटोवाला ‘सिडको, सिडको’ ओरडतो तेव्हा महामंडळ कुणाच्या डोक्यातही येत नाही. लातूरची गंजगोलाई ही गोल बाजारपेठ १९१७ साली नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखली, तीही कधीकाळी नवीच होती. तिला येऊन मिळणाऱ्या १६ रस्त्यांनी ते नाव लोकांच्या तोंडी बसवले.

आक्षेप आहे तो ठिकाण झाकण्याला. एजंटाच्या फलकावर ‘व्हॅली’ नाहीतर ‘हिल्स’ (डोंगर कुठला, सगळे काळे रान!), खरेदीखतात मात्र ‘मौजे कौठा’ किंवा ‘मौजे असर्जन’ आणि गट नंबर. गिऱ्हाईक फलक पाहून इसार देऊन बसते, सातबारा मागाहून बघते. १९९७ मध्ये महापालिका झाली, तेव्हा तिच्या नावात नांदेडच्या जोडीला वाघाळा या गावाचेही नाव राखले गेले. प्लॉट विकणाऱ्यांनीही जाहिरातीत नव्या नावाशेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत, मौजे आणि गट नंबर छापावा.

– एक वाचक, नांदेड